शुश्रूषा
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेत केलेले भाषण)



ह्या मंगल प्रसंगी आपल्या देवालयाचा पन्नास वर्षांचा इतिहास आम्ही सांगावा, अशी महोत्सव-समितीची इच्छा होती. परंतु तो इतिहास आमच्याहून जाणत्या वडीलधाऱ्यांनी स्मरणिकेसाठी लिहून दिला आहे. त्यात आम्ही भर घालावी असे फारसे काही नाही. म्हणून समितीची क्षमा मागून आज आम्ही एक निराळाच विषय आपणांपुढे मांडीत आहो. तो उत्सवाला शोभणारा नाही, असे कोणास वाटल्यास त्यात नवल नाही. तथापि गेल्या सहा वर्षांत आपल्या ह्या लहानशा धर्मग्रामातील पाच घरांत मूत्रपिंडाचा विकार शिरला, आणि त्या पाच रोग्यांपैकी आज दोघेच आपल्यामध्ये आहेत. जे घर दुःखात आहे त्याला वगळून उत्सव पुरा होत नाही, एवढेच आमचे समर्थन.

विषय असा, की ज्यांची मूत्रपिंडे निकामी झाली आहेत आणि ज्यांचे जीवन डायलिसिसच्या यंत्रावर अवलंबून आहे, त्यांची शुश्रूषा कशी होते, ती कशी असावी, आणि तीत आपला वाटा कोणता.

प्रथम यंत्राविषयी थोडे सांगितले पाहिजे. कारण पुष्कळांस त्याचे नाव ठाऊक असते, कार्य ठाऊक नसते. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंस मुठीएवढी दोन मूत्रपिंडे असतात. ती रक्तातील मळ गाळतात, पाणी व क्षार यांचा तोल राखतात, रक्तदाब आवरतात आणि नवे रक्त घडविण्याची सूचना अस्थींतील मज्जेस देतात. दोन्ही थकली म्हणजे अंगावर सूज येते, अन्नाची वासना जाते, श्वास कोंडतो, आणि उपाय न केल्यास थोड्याच दिवसांत मनुष्य जातो. डायलिसिसचे यंत्र रक्त शरीराबाहेर काढून बारीक पोकळ तंतूंच्या गाळणीतून फिरविते आणि शुद्ध करून परत आत सोडते. एका खेपेस साधारणपणे चार तास लागतात, आणि आठवड्यास तीन खेपा व्हाव्यात असे वैद्यकशास्त्र सांगते. म्हणजे वर्षाकाठी दीडशेहून अधिक वेळा रोग्यास त्या खाटेवर निजावे लागते. हे यंत्र रोग बरा करीत नाही. ते निकामी इंद्रियाच्या कामाचा काही भाग उचलते. ज्याला दुसऱ्याचे मूत्रपिंड लाभत नाही, त्याची ही वारी आमरण चालते.

हे यंत्र ज्याने प्रथम घडविले तो विलेम कोल्फ नावाचा एक तरुण डच डॉक्टर होता. दुसऱ्या महायुद्धात त्याचा देश जर्मनांच्या ताब्यात असताना, १९४३ साली, काम्पेन गावच्या इस्पितळात त्याने लाकडी पट्ट्यांच्या फिरत्या पिंपाला सेलोफेनची नळी गुंडाळून पहिले यंत्र सिद्ध केले. आरंभीचे सुमारे पंधरा रोगी त्याच्या हातून दगावले. १९४५ साली सदुसष्ट वर्षांची एक स्त्री प्रथम वाचली. तरीही पुष्कळ वर्षे हे यंत्र थोड्या दिवसांच्या दुखण्यालाच उपयोगी पडे; कारण प्रत्येक खेपेस नवी रक्तवाहिनी उघडावी लागे. १९६० साली अमेरिकेतील सिॲटल शहरी डॉ. स्क्रिब्नर यांनी हातात कायम बसणारी नळी योजिली, आणि मग वर्षानुवर्षे यंत्रावर जगणे शक्य झाले.

पण तेथे लगेच एक बिकट प्रश्न उभा राहिला. यंत्रे थोडी, रोगी पुष्कळ. तेव्हा त्या शहरात नागरिकांचे एक मंडळ नेमण्यात आले. कोणास यंत्र द्यावे व कोणास देऊ नये, म्हणजे कोणी जगावे व कोणी मरावे, हे त्या मंडळाने ठरवावयाचे. मंडळात एक वकील होता, एक बँकवाला होता, एक गृहिणी होती, आणि एक धर्मोपदेशकही होता. ही हकीकत आम्ही प्रथम वाचली तेव्हा त्या धर्मोपदेशकाच्या खुर्चीवर आपण बसलो असतो तर काय केले असते, हा विचार आम्हांस रात्रभर छळीत राहिला. आज आपल्या वऱ्हाडात तसले मंडळ कोठेही बसत नाही. परंतु एस्. टी.चे भाडे, गावाचे अंतर, बुडालेली मजुरी आणि घरात सोबतीला माणूस नसणे, ही चौघे मिळून तोच निकाल गुपचूप देत असतात. आणि त्या निकालावर कोणाची सही नसते.

एका पिढीपूर्वी आपल्या भागातील रोग्यास ह्या उपचारासाठी नागपूर किंवा मुंबई गाठावी लागे. ज्यांच्याजवळ शेत होते त्यांनी ते विकले. ज्यांच्याजवळ नव्हते त्यांनी घरीच डोळे मिटले. आता ती स्थिती पालटली आहे, आणि ज्यांनी ती पालटली त्यांचे ऋण मान्य केल्यावाचून टीकेचा एक शब्दही काढणे योग्य नव्हे. २ जुलै २०१२ रोजी आपल्या राज्यात जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत अमरावती होती. अकोल्यास ती पुढच्या वर्षी लाभली, आणि २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. २०१६ च्या केंद्रीय अंदाजपत्रकात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला व जिल्ह्याच्या इस्पितळांपर्यंत ही सेवा पोहोचविण्याचे ठरले. आज अमरावती व अकोला ह्या दोन्ही शहरी सरकारी व खासगी अशी सोय आहे. अमरावतीच्या विभागीय संदर्भ सेवा रुग्णालयात मूत्रपिंडाचे प्रत्यारोपणही झालेले आहे. दरिद्री मनुष्यास खाट मिळाली, हे लहानसहान काम नव्हे.

वऱ्हाडाला तर ह्या सोयीची विशेष गरज आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला व बुलढाणा ह्या तीन जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा आपणांपैकी अनेकांची जन्मभूमी आहे. तेथील विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही. त्यात डाळ शिजत नाही व साबणाला फेस येत नाही. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर ह्या बाजूच्या गावांत मूत्रपिंडाच्या विकाराने ओस पडलेली घरे दाखविणारे लोक भेटतात, आणि ते सर्व बोट पाण्याकडेच दाखवितात. त्यांचा अनुभव आम्ही खोटा म्हणणार नाही. परंतु जाणते डॉक्टर सांगतात की, एकट्या पाण्यावर दोष टाकून भागणार नाही. मधुमेह, दीर्घकाळ दुर्लक्षिलेला रक्तदाब, मुतखडा, आणि दुकानातून आपल्या मनाने घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या, ही मूत्रपिंडाचा घात करणारी मोठी कारणे आहेत. वैशाखाच्या उन्हात, पारा पंचेचाळीस अंशांच्या वर असताना, पाण्याचा घोट न घेता दिवसभर राबणारा मजूर आपल्या मूत्रपिंडावर किती ताण घालतो, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

आता आम्ही आमच्या मूळ मुद्द्याकडे वळतो. आणि येथे आम्हांस आमचाच एक अपराध आपणांपुढे कबूल करावयाचा आहे.

आपल्या धर्मग्रामातील एक वृद्ध गृहस्थ, ज्यांनी उभा जन्म जिनिंगमध्ये कापसाच्या धुळीत घालविला, एका केंद्रात डायलिसिससाठी जात असत. त्या केंद्राचे नाव आम्ही घेणार नाही, आणि आपणही तर्क करू नये. आम्ही त्यांना भेटावयास गेलो असता ते इकडेतिकडे पाहून हलक्या आवाजात म्हणाले, "फादर, तो पोरगा एकाच हातमोज्यानं दोघातिघायले सुया टोचते. बोलू का नको, समजत नाही मले." आम्ही त्यांस काय उत्तर दिले? आम्ही म्हणालो, "काका, हे फुकट मिळत आहे, ह्याबद्दल देवाचे आभार माना. उपकारकर्त्यांविरुद्ध बोलू नये. थोडे सोसा व ते सोसणे प्रभूला अर्पण करा." ते गप्प बसले. आम्हीही समाधानाने परत आलो; एका दुःखितास धीर दिला असे आम्हांस वाटले.

पाचसहा महिन्यांनी त्यांच्या रक्ताच्या तपासणीत हेपटायटिस सी म्हणजे एक प्रकारच्या काविळीचे विष निघाले. ते त्याच हातमोज्यांतून आले असे आम्ही शपथेवर सांगू शकत नाही. पूर्वी कधी रक्त चढविले असेल, अन्य काही घडले असेल. परंतु त्या दिवशी जो मनुष्य आमच्यापुढे आपले भय उघड करीत होता, त्याचे आम्ही ऐकून घेतले नाही, हे मात्र आम्ही शपथेवर सांगू शकतो. दुःख सोसणे हा सद्गुण आहे. पण दुसऱ्याच्या निष्काळजीपणाला सोसणे असे नाव देऊन रोग्याच्या माथी मारणे, हा सद्गुण नव्हे. सेमिनरीत अनेक वर्षे धर्मशास्त्र शिकूनही हा भेद आम्हांस एका जिनिंग-कामगाराच्या रक्ताने शिकविला.

ह्यानंतर आम्ही ह्या उपचाराची माहिती करून घेऊ लागलो. डॉक्टरांस विचारले, परिचारिकांस विचारले, आणि मुख्य म्हणजे रोग्यांजवळ बसलो. त्यातून चांगल्या शुश्रूषेची जी लक्षणे आमच्या ध्यानी आली, ती अल्पमतीप्रमाणे सांगतो.

पहिले लक्षण पाणी. चार तासांच्या एका खेपेस सुमारे एकशेवीस लिटर पाणी रोग्याच्या रक्ताच्या शेजारून वाहते. दोहोंमध्ये केवळ एक सूक्ष्म पडदा असतो. आठवड्याच्या तीन खेपांत हे पाणी साडेतीनशे लिटरांहून अधिक भरते. आपण पितो त्या पाण्यातील दोष पोट व यकृत काही अंशी निस्तरतात. ह्या पाण्यातील दोष सरळ रक्तात उतरतो. १९९६ साली ब्राझील देशातील कारुआरू नगरीच्या एका डायलिसिस केंद्रात शेवाळाचे विष असलेले अशुद्ध पाणी यंत्रात गेले, आणि पन्नासाहून अधिक रोगी यकृत बिघडून मेले. जे यंत्र जीवन देण्यासाठी होते त्याच यंत्राने त्यांस मृत्यू दिला. आपल्या खाऱ्या पाण्याच्या मुलखात तर पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेवर अधिकच भार पडतो. तिचे पडदे लवकर निकामी होतात. म्हणून पाण्याची तपासणी केव्हा झाली, हा प्रश्न रोग्याने किंवा त्याच्या नातलगाने विचारणे म्हणजे उद्धटपणा नव्हे.

दुसरे लक्षण हात. आपल्या वऱ्हाडात, शेंडगाव येथे, १८७६ साली जन्मलेल्या श्रीसंत गाडगेबाबांनी हातात खराटा घेऊन गावोगाव जो धडा दिला, तोच येथे लागू आहे. दर रोग्यागणिक हात धुणे, दर रोग्यागणिक नवे हातमोजे, दर खेपेनंतर यंत्राचे व खाटेचे निर्जंतुकीकरण, आणि हेपटायटिस बी झालेल्यांसाठी यंत्र निराळे. त्या काविळीविरुद्ध लस आहे. ती रोग्यास वेळेवर मिळाली पाहिजे. ह्यांपैकी एकही गोष्ट फार खर्चाची नाही. नित्यनेमाची मात्र आहे.

तिसरे लक्षण वेळ. आपणांस स्मरत असेल की, जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर पंचाहत्तर किलोमीटर डांबरी थर सुमारे एकशेपाच तासांत घालून जागतिक विक्रम करण्यात आला, आणि आपणां सर्वांस त्याचा अभिमान वाटला. रस्ता त्वरेने करता येतो; रक्त त्वरेने शुद्ध करता येत नाही. बाहेर रोगी ताटकळत आहेत म्हणून चार तासांचे तीन केले, किंवा साचलेले सगळे पाणी घाईने ओढून काढले, तर रक्तदाब एकाएकी उतरतो, पायांत गोळे येतात, आणि हृदयास दुखापत होते. त्याचप्रमाणे आठवड्याच्या तीन खेपांच्या दोन केल्या तर मळ साचत राहतो. वरवर पाहता रोग्याचे 'डायलिसिस चालू' असते. वस्तुतः तो हळूहळू बुडत असतो.

चौथे लक्षण नळी व नाडी. मानेत किंवा जांघेत बसविलेली नळी ही तात्पुरती सोय होय. तीवाटे जंतू रक्तात शिरतात. हातातील दोन रक्तवाहिन्या जोडून केलेली वाट, जिला फिस्टुला म्हणतात, ती १९६६ पासून जगाला ठाऊक आहे आणि आजही तीच सर्वांत सुरक्षित मानिली जाते. ती लवकर करून घेण्याचा सल्ला रोग्यास कोणी दिला काय, हे पाहिले पाहिजे. तिच्या खेपेस थंडी वाजून ताप आला तर त्याची नोंद होते काय, डॉक्टर येऊन पाहतात काय, हेही पाहिले पाहिजे.

आणि पाचवे लक्षण ऐकणे. आपण मराठीत जो 'शुश्रूषा' हा शब्द रोग्याच्या सेवेस लावतो, तो मूळचा संस्कृत आहे, आणि 'ऐकण्याची इच्छा' हा त्याचा धात्वर्थ होय. आमच्या संस्कृतच्या गुरुजींनी हे आम्हांस कोवळ्या वयात सांगितले होते. त्याचा अर्थ आम्हांस पन्नाशी उलटल्यावर कळला. एका केंद्रात आम्ही एक परिचारिका पाहिली. ती सुई टोचण्यापूर्वी प्रत्येकास तीन प्रश्न विचारी: काल झोप लागली का, दम लागतो का, आणि घरी कोण आहे. एवढ्या विचारपुसीस अर्धा मिनिट लागे. परंतु त्या अर्ध्या मिनिटात एकाने छातीतील दुखणे सांगितले, आणि तो वेळीच हृदयाच्या डॉक्टरांकडे गेला. यंत्राने ते दुखणे दाखविले नव्हते.

बंधुभगिनींनो, ह्या सर्व गोष्टी सांगताना केंद्रांत काम करणाऱ्यांवर दोषांचे ओझे लादण्याचा आमचा हेतू मुळीच नाही. त्या वृद्ध काकांचा अहवाल आल्यावर आम्ही त्यांस बरोबर घेऊन त्या केंद्राच्या प्रमुखांकडे गेलो. जाताना आमचे पाय जड झाले होते, आणि काकांचे तर हातच कापत होते. ज्याच्या हातात आपली सुई, त्याच्याशी भांडण कोण करील? आम्ही हात जोडून जे घडले ते सांगितले. ते गृहस्थ रागावले नाहीत. त्यांनी नोंदवही उघडून दाखविली. आठ यंत्रांमागे एका पाळीस एकच तंत्रज्ञ होता; दुसऱ्याची जागा कित्येक महिने रिकामी होती; महिनाअखेर हातमोजे संपत आणि नवे येईपर्यंत आहेत तेच पुरवून वापरले जात. तो तरुण सकाळी सातला उभा राही तो रात्रीपर्यंत बसत नसे. त्याचा दोष होता. पण तो एकट्याचा नव्हता. आमच्या भेटीनंतर प्रमुखांनी वरिष्ठांस पुन्हा लिहिले, आणि पंधरवड्यात प्रत्येक खाटेशी हातमोज्यांची पेटी आली. कोणीतरी येऊन नम्रपणे विचारावे, एवढ्याचीच तेथे वाट पाहिली जात होती, असे आम्हांस वाटले.

शुभवर्तमानातील त्या परक्या शोमरोन्याची गोष्ट आपण बालपणापासून ऐकत आलो. वाटेवर जखमी पडलेल्यास त्याने उचलले, जखमा बांधल्या, धर्मशाळेत नेऊन पैसे भरले, ह्यावर प्रवचने पुष्कळ झाली. परंतु त्याने धर्मशाळेच्या मालकास, आपण परत येऊ आणि अधिक खर्च झाला असल्यास तो देऊ, असेही सांगितले होते. तो चौकशीला परत येणार होता. उपकार करून निघून जाणे सोपे आहे. परत येऊन आपला माणूस कसा आहे हे पाहणे कठीण आहे. आमच्या मते त्या दयेचा हा उत्तरार्ध आपण विसरलो आहो.

रोग्यांचे व त्यांच्या घरच्यांचेही काही कर्तव्य आहे. दोन खेपांमध्ये पाणी मोजून प्यावे; मीठ, पापड, लोणचे, खारवलेल्या मिरच्या ह्यांचा मोह आवरावा; फिस्टुलाच्या हातावर ओझे घेऊ नये, त्या हाताचा रक्तदाब मोजू देऊ नये; आणि बरे वाटते म्हणून खेप चुकवू नये. हे सांगणे सोपे आहे. वरुडच्या एका संत्रा-बागाईतदारास संत्र्यातील पोटॅशियममुळे आपल्याच बागेतील फळ वर्ज्य झाले. तो झाडाखाली बसून दुसऱ्यांस फोडी देत होता, हे आम्ही पाहिले आहे. म्हणून पथ्य मोडले तर घरच्यांनी रागे भरण्याऐवजी त्या माणसाशेजारी बसून स्वतःही तसेच अळणी जेवावे. तो अधिक चांगला उपदेश होईल.

एक शब्द दानाविषयी. मृत्यूनंतर इंद्रियदान करणे ख्रिस्ती धर्मास संमत आहे काय, असे आम्हांस अनेक वेळा विचारण्यात येते. संमत आहे. २९ ऑगस्ट २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी रोम येथे प्रत्यारोपण-तज्ज्ञांच्या परिषदेपुढे बोलताना असे दान हे प्रेमाचे खरे कृत्य असल्याचे स्पष्ट केले. त्यात देणाऱ्याची मुक्त संमती असावी व इंद्रियांचा व्यापार कदापि होऊ नये, ही अट त्यांनी घातली. आपल्या देशाचा १९९४ चा कायदाही विक्रीस बंदी करतो. जिवंतपणी मूत्रपिंड देणाऱ्यांत आपल्या देशात बहुसंख्य स्त्रिया असतात, घेणाऱ्यांत बहुसंख्य पुरुष. आई देते, पत्नी देते, बहीण देते. मुलीला गरज पडली तर घरातील किती पुरुष पुढे येतील, ह्याचा विचार प्रत्येक पुरुषाने आज घरी जाऊन करावा.

आता आमची विनंती. महोत्सव-निधीतून देवालयासमोर दगडी कमान उभारण्याचा ठराव समितीने केला आहे. ज्यांनी तो केला त्यांची भक्ती आम्ही जाणतो. त्यांच्यापैकी काहींनी आपल्या पगारातून पैसे दिले आहेत. तरीही आमचे म्हणणे असे, की कमान लहान करावी, किंवा काही वर्षे थांबवावी, आणि त्या पैशांतून चार गोष्टी कराव्या. एक, आपल्या गावापासून शहरापर्यंत डायलिसिसला जाणाऱ्या रोग्यांसाठी, मग ते कोणत्याही धर्माचे असोत, जाण्यायेण्याची सोय. दुसरी, प्रत्येक रोग्यास त्याच्या वारी सोबत जाणारा एक तरुण किंवा तरुणी. ह्यासाठी बारा नावे आधीच आमच्याकडे आली आहेत. तिसरी, प्रत्येकाची एक वही. तीत वजन, रक्तदाब, किती तास, ताप आला की नाही, एवढेच लिहावे, आणि महिन्यातून एकदा ती वही घेऊन दोघातिघांनी केंद्रप्रमुखांस आदराने भेटावे. तक्रार करावयाची असेल तेव्हा तक्रार करावी. उत्तम काम दिसेल तेव्हा त्याचीही लेखी प्रशंसा वरिष्ठांस कळवावी. चौथी, वर्षातून दोनदा देवालयाच्या आवारात रक्तदाब व साखर तपासण्याची सोय. कारण यंत्रापर्यंत न पोहोचणे हाच सर्वांत उत्तम उपचार होय.

अमरावतीच्या माळरानावर १९४६ साली डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी कुष्ठरोग्यांसाठी तपोवन उभारले, तेव्हा त्यांच्याजवळ सुबत्ता नव्हती. समाज ज्यास दूर लोटतो त्याच्याजवळ जाऊन बसण्याची तयारी होती. ज्या भूमीने असे कार्य पाहिले, तिला आम्ही मागतो ते अवघड वाटू नये.

त्या जिनिंगमधल्या काकांचे शेवटचे सांगून आम्ही थांबतो. हेपटायटिस सीवर आता खात्रीचे औषध आहे, आणि २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात ते मोफत मिळते. त्यांनी ते तीन महिने घेतले व त्या विषापासून ते मुक्त झाले. पुढे दीड वर्षाने, गेल्या पावसाळ्यात, हृदय थकून ते प्रभूकडे गेले. पेटी आली त्या आठवड्यात त्यांनी देवालयाच्या पायरीवर आम्हांस गाठले होते. आम्ही क्षमा मागावी म्हणून तोंड उघडले. पण त्यांनी आम्हांस बोलू दिले नाही. लहान मुलाने परीक्षेचा निकाल सांगावा तसे ते म्हणाले, "फादर, आज त्यानं हातमोजे बदलले जी. माह्या डोयानं पायलं."

ती क्षमा मागावयाची राहूनच गेली. आज आपणां सर्वांसमक्ष आम्ही ती मागत आहो. कमानीचा प्रश्न आता आपण समितीत ठरवावा. आमचे मत आपणांस कळले आहे, आणि निर्णय काहीही झाला तरी पुढच्या मंगळवारी सकाळी सहाच्या गाडीने आम्ही त्या दोघा रोग्यांबरोबर जाणार आहो. गाडीत जागा आहे. ज्यांस यावयाचे असेल त्यांनी यावे.

परमेश्वर आपणां सर्वांचे, आपल्या रोग्यांचे, आणि त्यांची सेवा करणाऱ्या हातांचे कल्याण करो.